शेगोकार : आपल्या गावाचं एक आडनाव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'माहिती तंत्रज्ञान आणि आपण' असा विषय दिला होता. पण सकाळपासून या मांडवात मी ऐकते आहे, मुलं एकमेकांना अजूनही आडनावानंच हाका मारताहेत. केस पांढरे झाले, पोटं सुटली, तरी 'अबे इंगळे', 'अबे तायडे' सुटलं नाही. म्हणून म्हटलं, आज एका आडनावावरच बोलू. ते आडनाव म्हणजे शेगोकार. तंत्रज्ञान त्यात ओघानं येईलच.

अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत हे आडनाव कानावर पडतं. पाटील, इंगळे, वानखडे यांच्यासारखं ते गल्लोगल्ली नाही. पुण्या-मुंबईच्या माणसानं तर बहुधा ऐकलेलंच नसतं. तो दोनदा विचारतो, आणि मग आपणच दुरुस्ती करतो, "म्हणजे शेगावकर ना?"

अर्थ शेगावकर असाच आहे, पण शब्द तो नाही. आपल्या वऱ्हाडी तोंडात 'शेगावकार' भरभर म्हणून पाहा. मधला 'आव' आपोआप 'ओ' होतो. शेगावकार, शेगोकार. याच पट्ट्यात माळोकार, धनोकार, पोहोकार अशीही आडनावं आहेत. त्यांचीही शेपटी तशीच, 'ओकार'. आणि शेवटी 'कर' नाही, 'कार' आहे. पुण्याकडे जोशी असोत की मोरे, गावाला 'कर' लावतात. आपल्याकडे कित्येक आडनावांत 'कार' ऐकू येतो. तेव्हा शेगोकार या चार अक्षरांत दोन गोष्टी आहेत : आपलं गाव, आणि गावाचं नाव घेण्याची आपली पद्धत. गावाचं मूळ नाव शिवगाव होतं असं आपल्याकडे सांगतात. तसं असेल तर शिवगावचं शेगाव आणि शेगावचं शेगो, असे दोन टप्पे या आडनावानं पार केले.

एक खबरदारी घ्यायला हवी. शेगाव नावाचं गाव एकच नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ एक शेगाव आहे, सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात एक आहे. पण 'ओकार'ची ही घडण आणि अकोला-बुलढाण्याचा शेजार पाहिला, तर या आडनावाचं बोट आपल्याच गावाकडे जातं.

आता मला या आडनावातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. शेगावात राहणाऱ्या माणसाला शेगावात कोणी शेगोकार म्हणेल का? नाही म्हणणार. इथे सगळेच शेगावचे. हे नाव उपयोगाचं कुठे? बाळापुरात, अकोटला, अकोल्याला. तिथे नवं बिऱ्हाड आलं की लोक विचारणार, "कोन्या गावचे तुमी?" उत्तर मिळालं की तेच नाव चिकटणार. म्हणजे गावावरून पडलेलं आडनाव हे बहुधा गाव सोडल्याची खूण असतं. वऱ्हाडपांडे आडनावाची माणसं आपल्याला नागपूरला भेटतात, ती यामुळेच. वऱ्हाडात वऱ्हाडपांडे म्हणून कोणाला वेगळं ओळखायचं?

मोठी उदाहरणं पाहा. गाडगेबाबा जन्मले २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात. त्यांचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म शेंडगावचा आणि आडनाव जानोरीचं! जानोरी नावाचं एक गाव आपल्या शेगाव तालुक्यातही आहे. पुढे लोकांनी त्यांच्या हातातल्या गाडग्यावरून त्यांना गाडगेबाबा केलं, आणि आज आपल्या विद्यापीठाला नाव आहे ते गाडगेबाबांचं. जानोरकर कागदावर राहिलं. दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर हे नाव घेतलं. त्यांची मुलगी लता १९२९ साली जन्मली ती इंदूरला. डॉ. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. वडिलांनी शाळेत नाव घालताना कोकणातल्या आंबडवे गावावरून आंबडवेकर लावलं, पुढे त्याचं आंबेडकर झालं. बाबासाहेबांचा स्वतःचा जन्म महूचा, १४ एप्रिल १८९१ चा. ही तीन घराणी तीन वेगळ्या समाजांतली. प्रत्यय मात्र तिघांना एकच. आपल्याकडे 'आडनाव काय?' असं विचारतात तेव्हा पुष्कळदा खरा प्रश्न जातीचा असतो. गावावरून पडलेलं आडनाव त्या प्रश्नाला नीट उत्तर देत नाही, आणि ते मला बरं वाटतं.

आणि आपल्या गावाचं नाव ज्यांच्यामुळे जगात गेलं, त्यांना तर आडनावच नव्हतं. २३ फेब्रुवारी १८७८ ला महाराज शेगावात प्रथम दिसले. कोणत्या गावचे, कोणाचे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि गावाचंही त्यावाचून अडलं नाही.

पूर्वी ही नावं पातळ होती. बाप एका गावाचा म्हणवला जाई, पोरगा दुसऱ्या. ती घट्ट झाली नोंदीमुळे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. मग जमिनीची मोजणी आली, १८६० च्या दशकात आपल्या स्टेशनावरून रेल्वे गेली, कापसामागे माणसं फिरू लागली, शाळा निघाल्या. तलाठ्याच्या, कचेरीच्या आणि शाळेच्या वहीत नाव लिहावं लागलं. एकदा वहीत शेगोकार पडलं, की नातू अकोल्यात जन्मला तरी तो शेगोकारच.

इथे बसलेल्या सर्व गुरुजींना आणि बाईंना मी मुद्दाम सांगते : या साखळीत तुमचा हात सगळ्यात मोठा आहे. दाखल-खारीज रजिस्टरात तुम्ही जे लिहिलं, ते टी.सी.वर आलं, टी.सी.वरचं मार्कशीटवर, मार्कशीटवरचं पासपोर्टवर. तुमचा एक काना माणसाबरोबर अमेरिकेपर्यंत जातो.

आता तंत्रज्ञान. शेगोकार आडनावाची माणसं किती, हे मोजता येईल का? अमेरिकेत जनगणना खातं आडनावांची यादी प्रसिद्ध करतं. २०१० च्या जनगणनेत तिथे शंभर किंवा जास्त माणसांची अशी १ लाख ६२ हजार आडनावं निघाली. आपल्याकडे जनगणनेत नाव लिहून घेतात, पण आडनावांचे तक्ते काढत नाहीत. १९४८ च्या कायद्यानं व्यक्तीची नोंद गोपनीय असते. राहिली मतदारयादी. तिच्यात अठराच्या आतली मुलं नसतात, आणि नाव कसं लिहिलंय यावर सगळं अवलंबून.

नावं जुळवण्याची एक जुनी युक्ती आहे, साउंडेक्स. रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकन माणसानं १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, बाकीच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. सारखं ऐकू येणारं नाव सारख्या आकड्यात पडावं ही अपेक्षा. इंग्रजीत शेगोकार लिहून हे करून पाहा, उत्तर येतं एस-२२६. शेगावकर इंग्रजीत आपण 'गाव'चं स्पेलिंग एन लावून करतो. त्याचं उत्तर येतं एस-२५२. म्हणजे यंत्राच्या लेखी ही दोन वेगळीच घराणी. हा एन आला कुठून? जुन्या लेखनात आपण 'शेगांव' असं अनुस्वार देऊन लिहीत होतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार गेले. मराठीतला टिंब गेला, इंग्रजीतला एन राहिला.

उलट दिशेनं जाताना जास्त नुकसान होतं. इंग्रजीत के-ए-आर लिहिलं की त्याचा उच्चार 'कर'ही होतो आणि 'कार'ही. आज पुष्कळ ठिकाणी नाव आधी इंग्रजीत भरतात आणि मराठी आपोआप उमटतं. प्रोग्रॅमनं निवडायचं काय? त्यानं हजारो आंबेडकर, मंगेशकर, तेंडुलकर पाहिलेले असतात. तो 'कर' लिहितो. समोरच्यानं 'ठीक आहे' दाबलं की शेगोकारचं शेगोकर झालं. मी याच धंद्यात आहे, म्हणून सांगते, यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. जे नाव जास्त दिसतं त्याच्याकडे यंत्र झुकतं, आणि कमी दिसणारं आणखी कमी होतं. तक्रार करायची असेल तर ती नाव ज्याचं आहे त्यालाच करावी लागते, कारण तो काना गेलेला दुसऱ्या कोणाला दिसतच नाही.

काना वाचवला तरी आडनाव टिकेल का? इथे एक गणित आहे. इंग्लंडमध्ये १८७० च्या दशकात फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी नेमका हाच प्रश्न घेतला : घराण्यांची नावं का संपतात? नाव फक्त मुलाकडून पुढे जात असेल, आणि प्रत्येक पुरुषामागे सरासरी एकापेक्षा कमी मुलगा असेल, तर ते नाव कधी ना कधी संपतं. नक्की संपतं. आता आपला आकडा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आहेत. त्यांतले निम्मे मुलगे धरा. एकाच्या आतच येतं. पाटलांचा साठा मोठा, त्यांना पुष्कळ पिढ्या पुरेल. थोड्या घरांचं आडनाव आधी जाईल.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग मुलगा हवाच! तर तसं नाही. गणितातली अट पुन्हा वाचा : 'नाव फक्त मुलाकडून पुढे जात असेल तर.' ही अट निसर्गानं घातलेली नाही, आपण घातली आहे. लग्नानंतर बाईनं आडनाव बदललंच पाहिजे असं आपल्या देशातला कोणताही कायदा म्हणत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत महाराष्ट्रात मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम झाला आहे. आई कागदावर आली. शेवटच्या रकान्यात आईचं आडनावही येऊ शकतं, हा विचार घरात बोलून दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही. मुलीकडून नाव पुढे गेलं, तर तेवढ्याच मुलांत ते नाव टिकण्याची शक्यता कितीतरी वाढते.

याचा अनुभव या मेळाव्याच्या तयारीत सगळ्यांनीच घेतला. मुलगे आठवड्याभरात सापडले. मुली शोधायला महिने लागले, कारण फोनमध्ये शाळेतलं आडनाव टाकून कोणी सापडतच नव्हती. आमच्यापैकी काहींची तर नावंही सासरी बदललेली. वर्ग निम्मा मुलींचा, आणि शोधताना जणू तो निम्मा वर्ग कधी शाळेत आलाच नव्हता.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत, तिन्ही आजच करता येतील अशा.

पहिली, या स्मरणिकेत जी नावांची यादी छापायची आहे, ती हजेरीपटाप्रमाणे छापा. मुलींचं शाळेतलं आडनाव आधी, आजचं त्याच्यापुढे. दुसरी, घरी गेल्यावर आपलं आणि मुलांचं मराठीतलं नाव प्रत्येक कागदावर वाचून पाहा. कोणाचा 'कार' हरवला असेल, कोणाचा ओकार गेला असेल. तो भरून घ्या, मुलांचं शिक्षण संपायच्या आत, म्हणजे नंतर हेलपाटे पडत नाहीत. तिसरी, ज्यांचं आडनाव गावावरून पडलं आहे, त्यांनी ते गाव एकदा मुलांना दाखवून आणा. अकोल्याच्या गाडीत बसलात तर वाटेत पारस लागतं; डब्यात एखादा पारसकर असेल तर त्याला खिडकीशी बसवा.

शेगाव सोडून आपल्यातले किती जण गेले, हे आज इथे दिसतंच आहे. कोणी पुण्याला, कोणी बंगळूरला, कोणी परदेशात. दीडशे वर्षांपूर्वी गेलो असतो तर आपल्या सगळ्यांचं आडनाव आज शेगोकार असतं. आपण उशिरा निघालो, तोवर आडनावं वहीत पक्की झाली होती, इतकाच फरक. तेव्हा यापुढे खरा शेगोकार कुठे भेटला, तर त्याचं आडनाव दुरुस्त करायला जाऊ नका. त्याला विचारा, तुमचं घराणं शेगावातून कधी निघालं? आणि सांगा, आम्हीही तिथलेच.