गिऱ्हाईक परत आले पाहिजे
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मंडपाबाहेर तुम्ही मांडलेला माल सकाळी पाहत आलो. हळद, बेदाणा, गूळ, पापड, शेवया. मालाला नाव ठेवायला जागा नाही. पण एकाच गावच्या हळदीची पाच पाकिटे, पाच रंगांची आणि पाच वजनांची. एकावर देवाचे नाव, दुसऱ्यावर नातवाचे, तिसरे नुसतेच. भाव विचारला तर एक भाऊ म्हणाले, "तुम्ही काय द्याल ते द्या." या उत्तरावरच मला बोलायचे आहे.

कच्चा माल बाजार समितीत नेला की भाव दुसराच ठरवतो, ही आपली जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण हळद दळून, पाकिटात भरून तुम्ही स्वतः विकायला बसता, तेव्हा भाव सांगायचा अधिकार तुमच्याकडे आलेला असतो. तो हात जोडून परत का करता?

जरा हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुम्ही आपापले घाला. एका पाकिटामागे सगळा खर्च वजा जाता 15 रुपये सुटतात असे धरा. सगळा खर्च म्हणजे घरच्या बाईने दळले, चाळले, भरले त्याची मजुरीसुद्धा. ती धरत नाही म्हणून आपला नफा फुगलेला दिसतो. शहरात एक नवे घर जोडायला एस.टी.चे भाडे, चवीला दिलेली पुडी आणि मोडलेला दिवस मिळून 60 रुपये पडले. त्या घराने एकदाच पाकीट घेतले तर तुम्ही 45 रुपयांनी बुडालात. वर्षात 8 वेळा घेतले तर 120 मिळाले, 60 गेले, 60 राहिले. म्हणजे कमाई पहिल्या विक्रीत नाहीच. गिऱ्हाईक परत येण्यात आहे.

आणि ते परत कधी येते? मागच्या वेळी नेले तेच पुन्हा मिळेल अशी खात्री असेल तेव्हा.

लिज्जत पापडाचे उदाहरण घ्या. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम 4 महिने बंद पडले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पाऊस असो की ऊन, पुरवठा चालू राहिला. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सांगितले की एकच उत्तम प्रत ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. 'लिज्जत' हे नाव तर 1962 साली आले. दूरदर्शनवरचा ससा त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आधी प्रत, मग पुरवठा, मग नाव, शेवटी जाहिरात. आपण नेमके उलटे करतो. आधी रंगीत पाकीट छापतो आणि दुसऱ्या वर्षी त्यात भरायला तसा माल नसतो.

माल का नसतो? कडू वाटेल, पण बोलतो. कच्च्या हळदीला भाव पडला की आपल्याला पाकिटाची आठवण येते. भाव चढला की सगळी पोती बाजारात जातात आणि वर्षभर जोडलेली घरे वाऱ्यावर. त्या घरांना दुकानातले पाकीट घ्यावेच लागते. पुन्हा भाव पडल्यावर आपण त्यांच्या दारात जातो, तेव्हा दार उघडत नाही.

यावर उपाय आपल्याच घरात आहे. उपाशी राहू, पण बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही. तसा सुगीतच गिऱ्हाइकांचा वाटा बाजूला काढा. हळद टिकते, हे सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवले आहे. तेजीच्या वर्षी चार पैसे हातचे जातील, हे खरे. तो बाजार बांधायचा खर्च समजा.

बाकीचे नियम सोपे आहेत. वजन एकच ठेवा, आणि भाव वाढवायचा तर उघड वाढवा. वजन गुपचूप कमी करू नका. भाव वर्षातून एकदोनदाच बदला, महिनाभर आधी सांगा. तोंड पाहून भाव सांगू नका. जास्त घेईल त्याला सूट द्यायची तर ती सर्वांना दिसेल अशी पाटीवर लिहा. पाकिटावर अन्न सुरक्षेचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि घाण्याचा क्रमांक हवा. प्रत्येक घाण्याची वानगी डब्यात राखा, म्हणजे तक्रार आली की तपासता येईल. आठवडी बाजारात जागा तीच, वार तोच. वहीत घरांची नावे लिहा. जे घर दोन महिने आले नाही त्याला का आला नाहीत ते विचारा.

गावाने मिळून एक नाव घेतले तर जबाबदारी आणखी वाढते. 2010 साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि युरोपात खेपा अडकल्या. पेटीवर बागाईतदार कोणीही असो, नाव भारतीय द्राक्षांचे खराब झाले. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव सर्वांचे आहे. एकाने त्यात भेसळीची किंवा जुनी हळद भरली तर सर्वांच्या ताटात माती पडते. म्हणून गटाचे नाव वापरण्याआधी नापास माल परत पाठवायचा अधिकार कोणाला, हे ठरवा. तो अधिकार भावकी पाहून वापरला जाणार असेल तर गट काढूच नका.

मायबहिणींनो, दळणे आणि भरणे तुमच्या हातात आहे, तर वहीही तुमच्याच हातात असू द्या.

पुढच्या मेळाव्यात मला किती पाकिटे खपली ते सांगू नका. किती घरे दुसऱ्यांदा आली, तो आकडा घेऊन या.