कडवटपणाच्या पाहुणचाराला या!



 पुण्यातली ही परिषद हॉप्सवर आहे म्हटल्यावर निमंत्रण घेणाऱ्या निम्म्या मंडळींनी डोळे मिचकावून विचारलं, "मग बिअरची सोय असेलच!" नाही. आधीच सांगून टाकतो.

हॉप्स हा गांजाच्याच कुळातला वेल, आपल्याकडे लाहौल खोऱ्यात त्याची लागवड होते. मादी वेलाच्या फुलांतली पिवळी भुकटी बिअरला कडवटपणा देते. त्यातलं झँथोह्यूमॉल नावाचं द्रव्य ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तूपकट आहारावर पोसलेल्या उंदरांना दिलं. रोज, दर किलो वजनामागे 60 मिलिग्रॅम. वजनवाढ 22 टक्क्यांनी कमी झाली आणि रक्तातलं इन्सुलिन 42 टक्क्यांनी उतरलं. एवढी मात्रा बिअरमधून मिळवायची तर माणसाला दिवसाला हजार लिटरहून जास्त प्यावी लागेल! शिवाय आतड्यातले जिवाणू याच द्रव्यापासून इस्ट्रोजेनसारखं वागणारा पदार्थ घडवतात. म्हणून तो गुण नसलेली त्याची भावंडं ओरेगॉनच्याच मंडळींनी तपासायला घेतली.

माणसांवरचं एक काम जपानमध्ये झालं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 200 जास्त वजनाच्या स्त्रीपुरुषांपैकी निम्म्यांना मुरवलेल्या हॉप्सची कडू आम्लं 12 आठवडे दिली; त्यांची पोटातली चरबी घटली. चाचणीतल्या सगळ्यांचा बीएमआय 25 ते 30 होता, आणि मला अडतं ते इथेच.

आपल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं 'लॅन्सेट'मधलं 2004 चं छायाचित्र आठवा. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. दिसायला सडसडीत, आतून चरबीदार! माझ्या दवाखान्यात साखर वाढून येणारे अनेक जण असेच असतात. जपानच्या चाचणीत त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं. तेव्हा संशोधक मित्रमैत्रिणींनो, हॉप्सच्या ज्या चाचण्या इथे आखाल, त्यात वजनकाटा बाजूला ठेवून कंबर आणि पोटातली चरबी मोजून माणसं निवडा, एवढा हट्ट यजमान म्हणून मी धरतो. उद्याचं दुपारचं सत्र त्यासाठीच मोकळं ठेवलंय.

आज जेवायला कारल्याची भाजी आहे. गूळ घालायचा नाही, असं आचाऱ्याला बजावलंय. त्याने ऐकलं असेल, अशी आशा आहे.