लागला का निकाल?



आपला क्रांती चौक तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. वरून उड्डाणपूल, खालून जालना रोडची वर्दळ आणि महाराजांचा अश्वारूढ पुतळा. मोर्चा इथूनच निघतो, धरणं इथंच धरलं जातं आणि भारत क्रिकेटमध्ये जिंकला की पोरं तिरंगा घेऊन इथंच जमतात. या शहराला काही मागायचं असो वा साजरं करायचं असो, ते क्रांती चौकात येतं. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये इथल्याच एका चहाच्या टपरीवर मी चार पोरं अशी पाहिली, की ज्यांना यातलं काहीच करता येत नव्हतं. ती नुसती वाट पाहत होती.

त्यातला एक माझा भाचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. अंगात आकाशी रंगाची जर्सी. मँचेस्टर सिटी या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा तो भक्त. तुम्ही म्हणाल, कुठे मँचेस्टर आणि कुठे संभाजीनगर! मीही तेच म्हणालो होतो. पण या क्लबमागच्या कंपनीने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२०-२१ च्या हंगामात मुंबईने इंडियन सुपर लीग जिंकली. ती मालकी पुढे सुटली. पोरांच्या अंगातली जर्सी काही सुटली नाही.

मी चहाचा पहिला घोट घेतला, तेवढ्यात एकाने भाच्याला विचारलं, "लागला का निकाल?" भाच्याने नुसती मान हलवली. मला वाटलं, विद्यापीठाचा निकाल रखडलाय. मी विचारलं, "कितव्या सेमिस्टरचा रे?" पोरं खो खो हसली. भाचा मात्र हसला नाही. म्हणाला, "मामा, आमच्या क्लबच्या केसचा."

मग त्याने सांगितलं ते असं. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी इंग्लिश प्रीमियर लीगने या क्लबवर आर्थिक नियमभंगाचे शंभरावर आरोप ठेवले. वर्तमानपत्रांनी मोजून ११५ आकडा काढला. आरोप मुख्यतः २००९-१० ते २०१७-१८ या नऊ हंगामांच्या हिशेबाचे. शिवाय चौकशीला सहकार्य केलं नाही, हाही एक ठपका. क्लबने सगळे आरोप साफ नाकारले. सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनमध्ये बंद दाराआड सुनावणी सुरू झाली, डिसेंबरमध्ये संपली. आम्ही टपरीवर बसलो होतो तोवर एक हंगाम संपून दुसरा सुरू झाला होता आणि निकालाचा पत्ता नव्हता.

मंडळी, माझी सगळी हयात सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून गेली. पतसंस्था, विविध कार्यकारी सोसायट्या, दूध संघ यांची दप्तरं तपासण्यात डोळे गेले. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण हिशेबाचं म्हटल्यावर कान टवकारले गेले. मी म्हणालो, "आरोप नेमका काय, ते सांग." तर पोराला सांगता येईना. ११५ हा आकडा तोंडपाठ, पण त्याच्या आत काय आहे, ते ठाऊक नाही. मग घरी येऊन मीच वाचून काढलं आणि त्याला आपल्या भाषेत समजावून दिलं. तेच तुम्हाला सांगतो.

समजा, आपल्या गल्लीत एक गणेश मंडळ आहे. सगळ्या मंडळांनी मिळून नियम केला, की ज्याने त्याने आपल्या वर्गणीच्या आणि जाहिरातींच्या उत्पन्नात देखावा उभा करायचा. अध्यक्ष श्रीमंत असला म्हणून पदरचे वाटेल तेवढे घालायचे नाहीत; नाहीतर पैसेवाल्याच्या मंडळापुढे बाकीच्यांनी काय करावं? आता एका मंडळाच्या जमाखर्चात कापड दुकानदाराची पाच लाखांची जाहिरात दिसते. पावती दुकानदाराच्या नावाची. पण शंका अशी, की त्यातले चार लाख अध्यक्षांनीच मागच्या दाराने दुकानदाराला दिले. आणि खर्चाच्या बाजूला शंका अशी, की देखाव्याच्या कारागिराची अर्धी मजुरी मंडळाच्या वहीत आहे आणि अर्धी दुसऱ्याच कुठल्या वहीत. मँचेस्टर सिटीवरचे आरोप याच जातीचे आहेत: प्रायोजकांकडून आलेलं उत्पन्न खरं दाखवलं का, आणि प्रशिक्षकाला व खेळाडूंना दिलेला पैसा पूर्ण दाखवला का. माझ्या खात्यात पहिल्याला जमेची बाजू फुगवणं म्हणायचे आणि दुसऱ्याला खर्चाची बाजू दडवणं.

पण शंका म्हणजे गुन्हा नव्हे. याच क्लबवर युरोपच्या फुटबॉल संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दोन वर्षांची बंदी आणि ३ कोटी युरो दंड लावला होता. क्लब क्रीडा लवादाकडे गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये लवादाने बंदी उठवली आणि दंड १ कोटीवर आणला. काही आरोप सिद्ध झाले नाहीत, काही मुदतबाह्य ठरले. दंड उरला तो चौकशीत सहकार्य न केल्याचा. म्हणजे निकाल कुठल्याही बाजूने लागू शकतो. ते ठरवणं माझं काम नाही आणि तुमचंही नाही. मला आज बोलायचं आहे ते वाट पाहणाऱ्यांविषयी.

कारण त्या टपरीवर भाच्याने मला एक प्रश्न विचारला. १३ मे २०१२ रोजी या क्लबने ४४ वर्षांनी इंग्लंडचं विजेतेपद मिळवलं. शेवटचा सामना, जादा वेळ, चौथं मिनिट आणि सर्जिओ अ‍ॅग्वेरोचा गोल. भाचा तेव्हा आठ वर्षांचा होता. वडिलांच्या मांडीवर बसून त्याने तो गोल टीव्हीवर पाहिला. त्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, आता नाहीत. तो म्हणाला, "मामा, तो गोल आरोपांच्या वर्षांतलाच आहे. तो खरा होता ना?"

मी काही बोलायच्या आत त्याचा तो मित्र बोलला. हा मँचेस्टर युनायटेडचा, म्हणजे भाच्याच्या क्लबचा हाडवैरी. "आणि आमचं काय?" तो म्हणाला. "त्या वर्षी दोघांचे ८९ गुण होते. केवळ गोलफरकावर आम्ही दुसरे आलो. यांचे हिशेब चोख असतील तर आम्ही तक्रार सोडून देऊ. पण कुणी सांगेल तर ना!"

बघा मंडळी, एकाला आपला आनंद खरा होता का ते कळत नाही आणि दुसऱ्याला आपलं दुःख खरं होतं का ते. दोघांनी कुठल्या वहीवर सही केली नाही की कुठला करार केला नाही. तरी घोंगडं भिजतंय ते यांचंच.

तिथं मला एक म्हातारे गुरुजी आठवले. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या पतसंस्थेचं लेखापरीक्षण केलं. संचालकांनी नातलगांच्या नावे कर्जं उचलली असावीत, असं कागद बोलत होते. ठेवी अडकल्या, चौकशी लागली. हे गुरुजी निवृत्तीचा सगळा पैसा तिथं ठेवून बसलेले. दर महिन्याच्या पाच तारखेला आमच्या कार्यालयात यायचे, दारात चप्पल काढायचे आणि विचारायचे, "साहेब, लागला का?" मी म्हणायचो, "गुरुजी, प्रक्रिया चालू आहे." ते मान डोलवायचे आणि जायचे. असं कितीतरी वर्षं. एकदा मात्र ते दारातच थांबले आणि म्हणाले, "साहेब, पैसे बुडाले म्हणा, चालेल. पण काहीतरी म्हणा. मला घरी जाऊन बायकोला सांगायचंय."

त्या प्रकरणाचा अंतिम आदेश निघाला तेव्हा गुरुजी हयात नव्हते.

आता खरी गोष्ट सांगतो. आजवर ती फारशी कुणाला सांगितली नाही. त्या विलंबात आठ महिने माझे होते. वकील होते, स्थगिती होती, बदल्या होत्या, सगळं होतं. पण माझा अहवाल मी आठ महिने टेबलावर ठेवला. आणखी एक व्हाउचर तपासू, आणखी एक खुलासा मागवू, उद्या कुणी बोट दाखवायला नको, असं म्हणत राहिलो. मी त्याला काटेकोरपणा म्हणत होतो. आज वाटतं, त्यात अर्धी भीती होती. कागद पक्का करण्याच्या नादात कागदापलीकडचा माणूस मला दिसला नाही.

म्हणून घाईने निकाल द्यावा, असं मी म्हणणार नाही. आपल्याच क्रांती चौकात काळा चबुतरा आहे. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना जिथं देहदंड दिला गेला, ती ही जागा. त्या निकालांना वेळ लागला नव्हता. इंग्रज लष्कराने उभ्या उभ्या न्याय उरकला होता. झटपट न्याय कसा असतो, याची खूण आपण चौकात जपून ठेवली आहे. तेव्हा ऐकून घेतलंच पाहिजे, कागद तपासलेच पाहिजेत. शंभरावर आरोप आणि नऊ हंगामांची दप्तरं म्हटल्यावर वेळ लागणारच. प्रश्न एवढाच, की त्या वेळेला हद्द असावी की नसावी?

ती असू शकते. त्याच इंग्लंडमध्ये एव्हर्टन नावाचा जुना क्लब आहे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंतचा तोटा चालायचा, यांचा १२.४५ कोटी निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे १० गुण कापले. चाहते संतापले, मैदानात निषेधाचे फलक घेऊन उभे राहिले. अपील झालं आणि फेब्रुवारीत १० चे ६ झाले. नॉटिंगहॅम फॉरेस्टवर जानेवारी २०२४ मध्ये आरोप ठेवले आणि मार्चमध्ये ४ गुण कापून मोकळे झाले. ही प्रकरणं लहान होती, आरोप मोजके होते, हे खरं. पण तिथल्या चाहत्यांना शिव्या द्यायला तरी काहीतरी हातात मिळालं. ती माणसं रडली, भांडली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानात गेली. दोन्ही क्लब त्या वर्षी तगले.

आणि आपल्याकडे? २०१९ मध्ये पुण्याचा एफसी पुणे सिटी हा क्लब पैशाच्या ओढाताणीत बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये नारिंगी कपडे घालून ओरडणाऱ्या पोरांना ना सुनावणी मिळाली, ना निकाल. २०२५ च्या जुलैमध्ये तर अख्खी इंडियन सुपर लीगच कराराच्या घोळात थांबली आणि तिचे चाहते सर्वोच्च न्यायालयातल्या निकालाकडे डोळे लावून बसले. पतसंस्थेचा ठेवीदार असो की क्लबचा चाहता, वहीत त्याच्या नावाचा रकाना नसतो. ठेवीदाराची निदान ठेव तरी लिहिलेली असते. चाहत्याने जे ठेवलेलं असतं, ते कुठल्याच वहीत सापडत नाही.

भाच्याला मी काय उत्तर दिलं, ते सांगून थांबतो. मी म्हणालो, "अरे, गोल खरा होता. चेंडू जाळ्यात गेला, तुझ्या वडिलांनी तुला उचलून घेतलं, हे कुठल्याही लेखापरीक्षकाला खोडता येणार नाही. पण विजेतेपद खरं होतं का, ते निकाल आल्यावर कळेल. आणि तो विरोधात गेला तर मान्य करायची तयारी ठेव. आपला क्लब म्हणून हिशेबाकडे डोळेझाक करणं, हे त्या पतसंस्थेच्या संचालकांचंही चुकलं होतं. ते म्हणायचे, आपलीच माणसं आहेत."

तो बराच वेळ गप्प होता. मग मित्राकडे वळून म्हणाला, "विरोधात गेला तर चहा माझ्याकडून." मित्र म्हणाला, "आणि बाजूने लागला तर माझ्याकडून. पण लागू दे."

लागू दे, हेच खरं. ज्यांच्या हातात कुणाचा तरी निकाल आहे, मग ते लंडनमधले पंच असोत, तालुक्याच्या गावातला अधिकारी असो की परीक्षेचे पेपर तपासणारा मास्तर असो, त्यांना एका निवृत्त माणसाची हात जोडून विनंती आहे. कागद जरूर पक्का करा. पण दारात चप्पल काढून कुणीतरी उभं आहे, तेवढं विसरू नका.