मागे घेतलेले उड्डाण



क्रायोजेनिक इंजिनाची कथा आपल्याकडे बहुधा नकाराची कथा म्हणून सांगितली जाते. १९९१ साली सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉसशी करार झाला, १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान न देता केवळ तयार टप्पे देऊ केले. निमित्त क्षेपणास्त्रांचे होते! जे इंधन भरून ठेवताच येत नाही, उडण्यापूर्वी तासन्‌तास भरत बसावे लागते, ते क्षेपणास्त्रात कोण वापरणार?

परंतु नकाराने संताप येतो, इंजिन तयार होत नाही. उणे २५३ अंशांवरचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांवरचा द्रव ऑक्सिजन यांना शेजारी ठेवून, हातभर अंतरावर प्रचंड ज्वाला सांभाळायची, असे हे काम. १५ एप्रिल २०१० रोजी स्वदेशी इंजिन प्रथमच आकाशात गेले. ते पेटलेही, पण हायड्रोजन पुढे ढकलणारा पूरक टर्बोपंप क्षणार्धात थांबला आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. त्याच डिसेंबरात रशियन टप्पा लावलेले उड्डाणही फसले.

यानंतर जे घडले, ते वृत्तपत्रांच्या मथळ्यांत फारसे आले नाही. पंपाची रचना सुधारली गेली. अवकाशातील निर्वात स्थितीत इंजिन कसे पेटते, हे महेंद्रगिरीला जमिनीवरच तपासण्याची सोय उभी राहिली. १९ ऑगस्ट २०१३ रोजी अग्निबाण पुन्हा श्रीहरिकोट्याच्या तळावर उभा होता. उड्डाणास ७४ मिनिटे उरली असताना दुसऱ्या टप्प्यात इंधनगळती आढळली. दोन अपयशे पाठीशी, साऱ्या देशाचे डोळे लागलेले. तरीही उड्डाण रद्द झाले. अग्निबाण जोडणीगृहात परत नेला, तो टप्पा बदलला, टाकीचा मिश्रधातूही बदलला. खरे धैर्य या निर्णयात होते. टाळ्या मात्र ५ जानेवारी २०१४ च्या यशाला मिळाल्या.

ही शिस्त पुढे मुरली. चांद्रयान-३ ला नेणाऱ्या एलव्हीएम-३ चे सीई-२० इंजिन गगनयानासाठी, म्हणजे माणसे वाहून नेण्यासाठी, पारखण्यात आले. निकष ६,३५० सेकंद ज्वलनाचा होता. फेब्रुवारी २०२४ पर्यंत चार इंजिने ३९ चाचण्यांत मिळून ८,८१० सेकंद पेटवून पाहिली गेली.