मोटारीने कोठे थांबावे? डार्टमूरच्या माळरानावरील एक प्रश्न

(राष्ट्रीय उद्याने आणि पर्यटन या विषयावरील परिसंवादात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्ता पोहोचला म्हणजे विकास पोहोचला, अशी आपली सर्वसाधारण धारणा आहे. खेड्यापाड्यांच्या बाबतीत ती यथार्थच आहे. रस्त्यामागून एस.टी. येते, दवाखाना येतो, शेतमालाला बाजारपेठ मिळते. परंतु ज्या भूमीचे मोल तिच्या दुर्गमतेतच सामावलेले आहे, तेथे सर्वांच्या मोटारींसाठी रस्ता खुला केल्याने काय साधते आणि काय नाहीसे होते, हा प्रश्न निराळा आहे. इंग्लंडमधील डार्टमूर राष्ट्रीय उद्यानात हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा ठरला. त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

डेव्हन परगण्यातील डार्टमूरला १९५१ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला. त्याचे क्षेत्र सुमारे ९५४ चौरस किलोमीटर आहे. ‘मूर’ म्हणजे वृक्षहीन, गवत आणि खुरट्या झुडपांनी व्यापलेले, ओलसर, वाऱ्याने झोडपलेले उंच माळरान. मधूनमधून ग्रॅनाइट खडकांचे सुळके उभे असतात. त्यांना तेथे ‘टॉर’ म्हणतात. येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. इंग्लंडमधील राष्ट्रीय उद्यान हे आपल्या उद्यानांप्रमाणे शासकीय मालकीचे संरक्षित अरण्य नव्हे. डार्टमूरच्या हद्दीत सुमारे चौतीस हजार लोकांची वस्ती आहे, शेती आहे, आणि विस्तीर्ण गायरानांवर मेंढ्या, गुरे व अर्धरानटी तट्टे चरत असतात. जमिनीचा मोठा भाग खाजगी मालकीचा आहे. त्यामुळे तेथे ‘प्रवेश’ हा शब्द उच्चारला की मालक, चराऊ हक्कदार, सैन्य, पदयात्री आणि मोटारवाले असे पाच पक्ष एकदम उभे राहतात.

या उद्यानाचा उत्तर भाग सर्वांत उंच व सर्वांत निर्जन आहे. हाय विलहेज हे ६२१ मीटर उंचीचे शिखर याच भागात आहे. त्याच्या दक्षिणेस क्रॅनमिअर पूल नावाचे स्थान आहे. नाव तळ्याचे असले तरी तेथे आज तळे असे नाही. दलदलीतील एक खोलगट जागा तेवढी आहे. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तेथे एक बरणी ठेवली. दलदल तुडवीत येथवर पोहोचणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड त्या बरणीत टाकावयाचे, एवढीच योजना. पाहण्यासारखे तेथे काही नव्हते आणि तरीही लोक जात राहिले, कारण तेथे पोहोचणे दुष्कर होते. त्या एका बरणीतून पुढे डार्टमूरभर अशा पेट्या शोधीत हिंडण्याचा छंद निर्माण झाला.

सैन्याचा रस्ता

ओकहॅम्प्टन गावाच्या वरच्या अंगास सैन्याची छावणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे तोफखान्याचा सराव होत असे. त्या कामासाठी सैन्याने माळावर वळसा घेणारा रस्ता बांधला आणि तो थेट ओकमेंट हिलपर्यंत, म्हणजे क्रॅनमिअरपासून थोड्याच अंतरावर नेऊन भिडविला. गोळीबाराच्या दिवशी लाल निशाणे फडकत आणि माळ बंद होई. इतर दिवशी मात्र सामान्य प्रवासी आपली मोटार घेऊन त्या रस्त्याने जात असत. ज्या जागेसाठी पूर्वी दिवस मोडावा लागे, ती एका दुपारच्या फेरफटक्यात येऊ लागली.

याविरुद्ध निसर्गसंरक्षकांनी आवाज उठविला. १८८३ साली स्थापन झालेल्या डार्टमूर संरक्षण संघाने सैन्याच्या एकूण वावराविरुद्धच प्रदीर्घ लढा दिला. लेडी सिल्व्हिया सेयर या त्या लढ्याच्या अग्रणी होत्या. सैन्याच्या वापराची जाहीर चौकशी लेडी शार्प यांनी केली व १९७७ साली अहवाल प्रसिद्ध झाला. सैन्य तेथून गेले नाही. पण कालांतराने त्या रस्त्याच्या दुर्गम भागाची निगा राखणे थांबले, डांबर उखडले, आणि आता सर्वसाधारण प्रवाशाने मोटार छावणीच्या वर, माळाच्या कडेशी ठेवून पुढे पायी जावयाचे, अशी स्थिती आहे. हा बदल कोणा एका मोठ्या धोरणातून आला, असे मला वाटत नाही. खड्ड्यांनी जे केले ते समित्यांना साधले नव्हते, असे कोणी म्हटले तर त्यास मी हरकत घेणार नाही.

मोटारीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद मात्र हलका नाही. वृद्धाने, अपंगाने, कडेवर मूल असलेल्या मातेने त्या माळाची निःशब्द शांतता कधी अनुभवू नये काय? उद्यान राष्ट्राचे असेल तर ते केवळ धडधाकट पायांच्या माणसांचे कसे? जे संरक्षक या प्रश्नाकडे दुर्लक्ष करतात ते आपल्याच पक्षाची हानी करतात, असे माझे मत आहे.

पीट आणि चाक

तथापि चाकाखाली काय घडते हेही पाहिले पाहिजे. डार्टमूरच्या माथ्यावर पीटचा, म्हणजे पाणथळ जागी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर आहे. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मीटरभर थर तयार होण्यास सुमारे एक हजार वर्षे लागतात. रस्त्यावरून उतरून मोटार कडेला घेतली की वरची हिरवी साय फाटते, चाकोरी पडते, आणि पाणी त्या चाकोरीतून वाहू लागते. पीट वाळते, त्यात साठलेला कार्बन हवेत जातो. डार्ट, टॉ, टॅव्ही या नद्या याच माथ्यावर उगम पावतात. पाणी धरून ठेवणारा स्पंज फाटला तर त्याचा परिणाम खाली खोऱ्यापर्यंत जाणवतो. अलीकडे तेथे जुने चर बुजवून पीट पुन्हा ओले करण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत.

इंग्लिश कायद्याने हा धोका फार पूर्वी ओळखला. १९३० च्या मोटार वाहतूक कायद्यानेच रस्ता सोडून माळरानात वाहन नेण्यास मनाई केली. वाहन उभे करण्यापुरते रस्त्यापासून पंधरा यार्ड, म्हणजे सुमारे चौदा मीटर जाण्याची सवलत ठेवली. १९८८ च्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. उलटपक्षी १९८५ च्या डार्टमूर गायरान कायद्याने जनतेला तेथील गायरानांवर मुक्त संचाराचा हक्क दिला. पण तो पायी आणि घोड्यावरून. २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने या हक्कात माळावर तंबू ठोकून रात्र काढण्याचाही समावेश होतो, असा निर्णय दिला. म्हणजे माणसाचा हक्क रुंदावत गेला आणि मोटारीची मर्यादा जागच्या जागी राहिली. या दोन गोष्टींत विसंगती नाही. मोटार थांबते म्हणून माणसाला मोकळीक देता येते.

मोटार थांबविल्यावर लोकांची सोय कशी करावी, याचा एक प्रयोग त्याच देशातील पीक डिस्ट्रिक्ट उद्यानात झाला. गॉइट खोऱ्यात १९६७ साली अरवुड जलाशय पूर्ण झाला आणि सुटीच्या दिवशी अरुंद रस्त्यावर मोटारींची रीघ लागू लागली. रस्ता रुंद करणे सोपे होते. तसे न करता १९७० पासून उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी रस्ता मोटारींना बंद करण्यात आला, खोऱ्याच्या कडेला वाहनतळ केले आणि आत जाण्यासाठी मिनीबस ठेवल्या. बहुसंख्य पर्यटकांनी ही व्यवस्था पसंत केली. वृद्धांचा प्रश्न येथे बऱ्याच अंशी सुटतो, कारण बसमध्ये बसण्यासाठी मजबूत गुडघे लागत नाहीत.

अपंगांसाठी आणखी एक मार्ग निघाला आहे. खडबडीत वाटेवर चालणारी, विजेवरची, एका माणसाची छोटी चारचाकी गाडी आता इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात अनेक ठिकाणी भाड्याने मिळते. तिची गती पादचाऱ्याएवढी असते. एका अपंग माणसासाठी अशी गाडी आत सोडणे आणि त्याच्या नावाने शंभर धडधाकटांच्या मोटारी आत घेणे, यांतील फरक शासनकर्त्यांनी ओळखला पाहिजे. दुर्बलांचा कैवार घेऊन पुढे येणाऱ्या मागण्यांत दुर्बल किती आणि आळशी किती, हे तपासणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे.

आपल्याकडेही हा प्रश्न अपरिचित नाही. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि त्या गावाची सारी ख्याती या एका नियमावर उभी आहे. तेथेही म्हातारी माणसे आहेत, शाळेत जाणारी मुले आहेत, आणि माणसाने ओढावयाच्या रिक्षा होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २०२२ साली तेथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा किती असाव्यात, त्या कोणी चालवाव्यात आणि त्यांत कोणी बसावे, या तीन प्रश्नांवर आपली चर्चा व्हावी, अशी माझी अध्यक्षमहाराजांना विनंती आहे.