चित्रातलं मूल, हजेरीपटावरचं मूल
(कोल्हापुरातील युवकांच्या बैठकीतील भाषण)



गेल्या जूनमध्ये आम्ही वस्तीतल्या मुलांना दप्तरं वाटली. फोटो मीच काढत होतो. एक मुलगी सारखी मान खाली घालत होती. मी म्हणालो, "बेटा, इकडे बघ." तिनं बघितलं, फोटो निघाला, ग्रुपवर गेला. दोन दिवसांनी तिची अम्मी आली. म्हणाली, "भाई, तो फोटो काढून टाका. शाळेत पोरं चिडवतात तिला."

तेव्हा मला काही जुनी चित्रं आठवली. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी वर्तमानपत्रात फोटो थेट छापता येत नसे. फोटो किंवा रेखाटन पाहून कारागीर लाकडी ठोकळ्यावर चित्र कोरायचा आणि त्यावरून छपाई व्हायची. लंडनच्या सचित्र साप्ताहिकांत आपल्याकडचे उपाशी लोक आणि मुलं अशीच छापून आली. त्याआधी, १८७२ मध्ये, गुस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकारानं खुद्द लंडनच्या गरीब वस्त्यांतली मुलं अशाच छापचित्रांत दाखवली होती.

या चित्रांमुळे दूरच्या माणसाला भूक दिसली, हे खरंच. १८७७ मध्ये लंडनच्या मेयरांनी मदतनिधीही उभारला. पण चित्रातल्या मुलाला नाव नसतं. आणि लोक मरत असताना इथलं धान्य परदेशी का जात होतं, हा प्रश्न त्या चित्रात मावत नाही.

आपल्या कोल्हापुरात वेगळी वाट दिसते. शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं. दसरा चौकातून जाताना आपण ते रोज बघतो. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. तिथं मूल दयेचा विषय राहिलं नाही. त्याचं नाव हजेरीपटावर आलं, त्याचा हक्क ठरला.

तुम्ही म्हणाल, देणगीदार फोटो मागतात. मागू देत. दप्तरांचा फोटो द्या, पावत्या द्या, पै-पैचा हिशेब द्या. यंदा आम्ही दप्तरं शाळेच्या हाती सोपवली, एकाही मुलाचा फोटो काढला नाही. देणगी थोडी कमी आली. पण मान खाली घालायची वेळ कुणावर आली नाही.

तुमच्या मोबाइलमध्ये असे फोटो असतील, तर आज घरी जाऊन ते पुसून टाका. एवढंच मागणं आहे.