व्हिसावर काम कोणतं लिहिलंय?

(दौंड येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



शिरूरची मुलं न्हावरा-चौफुला रस्त्याने खास आली आहेत, म्हणून थेट विषयावर येतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटावर वेल्डिंग करणारा किंवा ट्रेलर चालवणारा मुलगा सौदीच्या पगाराचा आकडा ऐकतो आणि पासपोर्टच्या मागे लागतो. त्यात गैर काही नाही. मीही सात वर्षं दम्माममध्ये काढली. पण पगार एजंट तोंडी सांगतो, आणि तिथलं सरकार कागदावर लिहिलंय तेवढंच मानतं.

आपण बहुतेक जण लहानपणी मक्तबमध्ये कुराण वाचायला शिकलो. अक्षरं ओळखतो, अर्थ लागत नाही. ती ओळख इथे कामाला येते. सौदीच्या कामाच्या व्हिसावर ‘मिहना’ हा शब्द शोधा. मिहना म्हणजे पेशा. त्यापुढे ‘सायिक शाहिना’ असेल तर ट्रक ड्रायव्हर. ‘सायिक खास’ म्हणजे घरचा ड्रायव्हर. ‘राई’ म्हणजे मेंढपाळ.

फरक केवढा पडतो पाहा. मार्च २०२१पासून सौदीत कंपनीचा कामगार एक वर्षानंतर नोटीस देऊन, कफीलच्या संमतीशिवाय दुसरीकडे जाऊ शकतो. घरी येण्यासाठी एक्झिट-रीएंट्रीचा अर्जही स्वतः करू शकतो. घरचा ड्रायव्हर, मेंढपाळ, माळी, घरकामगार यांना मात्र ही सुधारणा लागू केली नाही. मी तिथे होतो तेव्हा मराठवाड्यातला एक मुलगा आमच्या खोलीवर यायचा. ट्रेलरसाठी म्हणून गेलेला, व्हिसा मेंढपाळाचा. वाळवंटात उंटांना पाणी पाजत होता. तिथून निघून शहरात आला, तर मालकाने ‘हुरूब’ लावली, म्हणजे पळून गेल्याची नोंद केली. इकामा बाद झाला. काम करता येईना, आणि तिकिटाचे पैसे जमवले तरी एक्झिट मिळेना.

दुबईची गोष्ट वेगळी. तिथे ‘आधी व्हिजिटवर चल, मग बदलून देतो’ असं सांगतात. व्हिजिट व्हिसावर काम करणं हाच तिथे गुन्हा आहे. मुदत संपली की दिवसाला ५० दिरहम दंड, महिन्याचे पंधराशे. तो एजंटच्या नव्हे, तुमच्या नावावर चढतो.

आता आपल्याकडचं. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. आखाती देश धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. हे टाळायला काही मुलं खोटा दाखला शोधतात. मला तर ईसीआर ही ढाल वाटते. मंजुरीआधी करार तपासला जातो, सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा मिळतो. दहावी पास मुलाचा करार असा सक्तीने कुणी तपासत नाही. त्याने तो स्वतःच नीट पाहावा.

नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. एजंट मामूचा दोस्त आहे, आपल्याच जमातीतला आहे, नमाजी आहे, हे सगळं ठीक. नोंदणी क्रमांक विचारायचाच. कुणाला राग आला तर येऊ द्या.

मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठीही आहे. भाऊ किंवा नवरा निघाला की पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची झेरॉक्स घरी ठेवून घ्या. पासपोर्ट काढून घेणं सौदीत आणि अमिरातीत बेकायदा आहे, तरी तो बऱ्याचदा मालकाच्या कपाटात जातो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार करता येते, आणि त्यासाठी पासपोर्टचा तपशील हाताशी लागतो.

ज्यांनी व्हिसाच्या प्रती आणल्या आहेत त्यांनी पुढे या. मिहनाची ओळ एकत्र वाचू.